स्विचच्या प्रत्येक पोर्टवर ओळख तपासायची, तर सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आपला मध्यम आकाराचा कारखाना आहे, सिन्नरला एक शाखा आहे आणि दोन्ही ठिकाणी सिस्कोचे कॅटॅलिस्ट स्विच आहेत. सध्या पोर्ट-सिक्युरिटी (ठरलेल्या यंत्रालाच पोर्ट वापरू देणारी सोय) लावलेली आहे, त्यामुळे कुणी लॅपटॉप बदलला किंवा सर्व्हिस इंजिनिअरने स्वतःचा लॅपटॉप जोडला की पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो बंद करतो, आणि तो उघडण्यासाठी आपल्याला धावावे लागते. ऑडिटरने आता ८०२.१एक्स (ओळख पटल्यावरच पोर्ट उघडण्याचे मानक) लावण्यास सांगितले आहे. कोणत्या कमांड कोणत्या क्रमाने द्याव्यात, प्रिंटर, कॅमेरे आणि सीएनसी यंत्रांचे काय करावे, आणि ओळख तपासणारा सर्व्हर बंद पडला तर उत्पादन थांबेल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी या तीन प्रश्नांचा क्रम उलटा करणार आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नर भागातील कारखान्यांत हे काम करताना मला एकच गोष्ट वारंवार दिसली आहे. ८०२.१एक्सच्या कमांड पंधरा-वीस ओळींत संपतात, परंतु योजना फसते ती ओळख पटली नाही किंवा ओळख विचारायला कुणी जागेवरच नसले, तर पोर्टने काय करायचे हे ठरवलेले नसल्यामुळे. म्हणून आधी अपयशाचे मार्ग आखावेत, नंतर यंत्रांची यादी करावी आणि दरवाजे सर्वांत शेवटी बंद करावेत.

तरीही मूळ रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. या पद्धतीत तीन पक्ष असतात: संगणकावरील सप्लिकंट (ओळख सांगणारा प्रोग्रॅम), दारावर उभा असलेला स्विच आणि निर्णय देणारा रेडियस सर्व्हर. स्विच स्वतः काहीच ठरवत नाही. संगणकाकडून ईथरनेटच्या चौकटीत (फ्रेममध्ये) आलेले ईएपी, म्हणजे ओळख-तपासणीचे, संदेश तो रेडियसच्या पाकिटात घालून पुढे पाठवतो, आणि सर्व्हरने होकार देईपर्यंत त्या पोर्टवरून ओळख-तपासणीखेरीज जवळजवळ काहीही जाऊ देत नाही. आयईईई या मानक-संस्थेने हे मानक २००१ मध्ये प्रसिद्ध केले आणि २००४, २०१० व २०२० मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. रेडियसची ओळख-तपासणी यूडीपी १८१२ वर आणि नोंदी १८१३ वर चालतात. जुन्या मांडणीत १६४५ आणि १६४६ हे क्रमांक आढळतात, आणि स्विचवर एक जोडी व सर्व्हरवर दुसरी असणे हे 'सर्व्हर उत्तरच देत नाही' या तक्रारीचे अगदी नेहमीचे कारण आहे.

आता सर्व्हर बंद पडण्याचा प्रश्न. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणे-येणे नवीन नाही. वीज परत आली की स्विच काही मिनिटांत उभा राहतो. पण रेडियस सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल, तर आधी होस्ट, मग स्टोरेज, मग डोमेन कंट्रोलर आणि त्यानंतर तो स्वतः सुरू होतो. या मधल्या काळात प्रत्येक पोर्ट ओळख विचारतो, उत्तर मिळत नाही आणि संपूर्ण कारखाना नेटवर्कबाहेर राहतो. म्हणून स्विचला दोन गोष्टी आधीच शिकवून ठेवाव्यात. पहिली म्हणजे सर्व्हर मेला आहे हे ओळखणे. त्यासाठी 'रेडियस-सर्व्हर डेड-क्रायटेरिया टाइम ५ ट्राइज ३' आणि 'रेडियस-सर्व्हर डेडटाइम १५' द्यावे, आणि सर्व्हरच्या व्याख्येत 'ऑटोमेट-टेस्टर' लावून एका चाचणी नावाने स्विच अधूनमधून स्वतःच विचारणा करत राहील असे पाहावे. या चाचणी नावाला कोणताही अधिकार देऊ नये, कारण सर्व्हरने नकार दिला तरी तो जिवंत आहे एवढे स्विचला त्यातून कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हर मेल्यावर पोर्टने काय करायचे. 'ऑथेंटिकेशन इव्हेंट सर्व्हर डेड ॲक्शन ऑथोराइझ व्हीलॅन' या कमांडने पोर्ट आपण ठरवलेल्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवरील वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये) उघडतो. एका पोर्टवर अनेक यंत्रांना परवानगी देणाऱ्या मल्टी-ऑथ मांडणीत 'ऑथोराइझ'ऐवजी 'रीइनिशियलाइझ' लिहावे. टेलिफोन असतील तर 'ऑथोराइझ व्हॉइस' वेगळे द्यावे लागते. ते राहून गेले तर संगणक चालतात आणि फोन मात्र मुके होतात. सर्व्हर परतल्यावर पुन्हा तपासणी व्हावी म्हणून 'सर्व्हर अलाइव्ह ॲक्शन रीइनिशियलाइझ' जोडावे.

येथे एक निर्णय तांत्रिक नसून व्यवस्थापनाचा आहे आणि तो लेखी घ्यावा. सर्व्हर बंद असताना पोर्ट उघडायचा, याचा अर्थ ज्याला सर्व्हर बंद पाडता येईल त्याला आत येता येईल. माझे मत असे आहे की कार्यालयातील टेबलांच्या आणि यंत्रांच्या पोर्टवर ही जोखीम पत्करावी, कारण थांबलेल्या उत्पादनाचे नुकसान त्याहून मोठे असते. परंतु स्वागतकक्ष, बैठकीची खोली, कँटीन आणि फाटकावरील केबिन येथील पोर्ट अशा वेळी बंदच राहावेत. शिवाय दोन रेडियस सर्व्हर ठेवावेत आणि ते एकाच होस्टवर ठेवू नयेत. दुसरा एखाद्या साध्या, यूपीएसवरच्या वेगळ्या संगणकावर असला तरी चालतो. स्विच ते स्विच जोडणाऱ्या वायरी, फायरवॉल, व्हर्च्युअल मशीनचे होस्ट आणि स्वतः रेडियस सर्व्हर यांच्या पोर्टवर ८०२.१एक्स कधीही लावू नये.

पायाभूत कमांड देण्यापूर्वी एक खबरदारी घ्यावी. 'एएए न्यू-मॉडेल' ही ओळ दिल्याक्षणी स्विचमध्ये लॉगिन करण्याची पद्धतही बदलते. स्थानिक वापरकर्ता तयार नसेल, तर आपण स्वतःच स्विचबाहेर राहू शकतो. म्हणून आधी स्थानिक वापरकर्ता, मग ही ओळ, लगेच लॉगिनची स्थानिक पद्धत, आणि पहिले सत्र चालू ठेवून दुसऱ्या सत्रातून आत जाता येते का याची खात्री, असा क्रम ठेवावा. त्यानंतर ओळख-तपासणी, अधिकार आणि नोंदी या तिन्हींसाठी रेडियसचा गट जोडावा. यातील 'एएए ऑथोरायझेशन नेटवर्क' ही ओळ अनेकजण विसरतात. मग ओळख पटते, सर्व्हर व्हीलॅन पाठवतो, पण स्विच तो लावत नाही. 'डॉट१एक्स सिस्टम-ऑथ-कंट्रोल' दिल्याशिवाय पोर्टवरच्या ८०२.१एक्सच्या कमांड दिसतात खऱ्या, पण काम करत नाहीत. रेडियसची सामायिक किल्ली लांब आणि यादृच्छिक असावी, आणि अंबड व सिन्नरसाठी वेगवेगळी असावी.

पोर्टवर 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस', 'ऑथेंटिकेशन पोर्ट-कंट्रोल ऑटो', 'डॉट१एक्स पीएई ऑथेंटिकेटर' आणि 'मॅब' (सप्लिकंट नसलेल्या यंत्रांसाठीची तपासणी, खाली समजावली आहे) या मुख्य ओळी आहेत. 'ऑथेंटिकेशन ऑर्डर' आणि 'ऑथेंटिकेशन प्रायॉरिटी' दोन्हींत आधी डॉट१एक्स आणि नंतर मॅब ठेवावे. नियमभंगाची मूळ कृती पोर्ट बंद करण्याची आहे, आणि आपण आज जिला कंटाळला आहात तीच ही. म्हणून 'ऑथेंटिकेशन व्हायोलेशन रिस्ट्रिक्ट' द्यावे. सध्याची पोर्ट-सिक्युरिटी त्या पोर्टवरून काढून टाकावी. दोन यंत्रणा एकाच मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअर क्रमांकावर) दोन वेगळे निर्णय देऊ लागल्या की होणारा गोंधळ उकलणे फार अवघड जाते, आणि मॅक पत्त्यांची मर्यादा घालण्याचे काम ८०२.१एक्सची होस्ट-मोड मांडणी अधिक नीट करते.

यानंतरची ओळ मी सर्वांत महत्त्वाची मानतो: 'ऑथेंटिकेशन ओपन'. या स्थितीत स्विच प्रत्येक यंत्राची ओळख तपासतो, निकाल नोंदवतो, पण नकार मिळाला तरी वाहतूक अडवत नाही. या निरीक्षण-काळात कारखाना नेहमीसारखा चालतो आणि आपल्याला खरी यादी मिळते. घाई करू नये. महिनाअखेरची बिले, मालसाठ्याची मोजणी, कंत्राटी इंजिनिअरची भेट अशा महिन्यातून एकदाच होणाऱ्या गोष्टी या काळात येऊन जायला हव्यात. मात्र एक अट पाळावी. या काळात सर्व्हरने नुसता होकार द्यावा, व्हीलॅन पाठवू नये. पोर्ट उघडा असल्यामुळे यंत्राने ओळख पटण्याआधीच जुन्या व्हीलॅनमधला आयपी पत्ता घेतलेला असतो, आणि सर्व्हरने पाठवलेला व्हीलॅन 'ओपन' असतानाही लागू होतो. विंडोजचा सप्लिकंट ओळख पटल्यावर पत्ता पुन्हा मागतो, पण प्रिंटरला आपला व्हीलॅन बदलल्याचे कळतच नाही, आणि 'निरीक्षणच तर चालू होते, मग प्रिंटर का बंद पडले' हा प्रश्न आपल्याला ऐकावा लागतो.

यादीतून जे दिसेल त्याचा मोठा भाग सप्लिकंट नसलेल्या यंत्रांचा असेल: प्रिंटर, कॅमेरे, बायोमेट्रिक हजेरी यंत्रे, बारकोड प्रिंटर, पीएलसी (यंत्रे चालवणारे छोटे नियंत्रक), सीएनसीचे कंट्रोलर. त्यांच्यासाठी मॅब असते, म्हणजे यंत्राचा मॅक पत्ताच नाव आणि पासवर्ड म्हणून सर्व्हरकडे जातो. येथे वेळेचे गणित समजून घ्यावे. स्विच दर ३० सेकंदांनी ओळख विचारतो आणि उत्तर नसल्यास आणखी दोनदा विचारतो; म्हणजे मॅबची पाळी ९० सेकंदांनी येते. तोवर अनेक यंत्रांची डीएचसीपीची (आयपी पत्ता आपोआप मागण्याची) विनंती थकून संपलेली असते आणि ती १६९.२५४ ने सुरू होणारा निरुपयोगी पत्ता घेऊन बसतात. 'डॉट१एक्स टाइमआउट टीएक्स-पीरियड १०' दिल्यास हा काळ ३० सेकंदांवर येतो. तो याहून फार कमी करू नये, कारण संथ संगणकाचा सप्लिकंट उठण्याआधीच मॅबची पाळी येते आणि नकारांच्या नोंदींनी लॉग भरून जातो. प्रायॉरिटी वर सांगितल्याप्रमाणे असेल, तर संगणक उठल्यावर डॉट१एक्स पुन्हा ताबा घेते, त्यामुळे नुकसान होत नाही.

शॉप फ्लोअरवर याहून सूक्ष्म अडचण येते ती न बोलणाऱ्या यंत्रांची. मॅब सुरू होण्यासाठी यंत्राकडून एक तरी चौकट यावी लागते. स्थिर आयपी पत्ता असलेला पीएलसी कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि पोर्ट बंद असल्यामुळे त्याला कुणी विचारूही शकत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. अशा पोर्टवर 'ऑथेंटिकेशन कंट्रोल-डिरेक्शन इन' द्यावे. मग स्विच फक्त आत येणारी वाहतूक अडवतो, बाहेर जाणारी एआरपीची (अमुक आयपी पत्ता कुणाचा असे विचारणारी) हाक यंत्रापर्यंत पोचते, यंत्र उत्तर देते आणि त्या उत्तरातून त्याचा मॅक पत्ता कळून मॅब पूर्ण होते. यासाठी त्या पोर्टचा मूळ ॲक्सेस व्हीलॅन यंत्राचाच असला पाहिजे. तो सर्व्हरकडून येण्याची वाट पाहिली तर एआरपीची हाक चुकीच्या व्हीलॅनमध्ये राहते. याच कारणाने न बोलणाऱ्या यंत्रांच्या पोर्टवर निष्क्रियतेचा टाइमर लावू नये. झोपलेल्या संगणकांना दुरून उठवण्याची पद्धत असेल, तर त्यांनाही हीच कमांड लागते.

मॅबबद्दल भ्रम मात्र ठेवू नये. मॅक पत्ता गाडीच्या नंबर प्लेटसारखा आहे: तो सर्वांना दिसतो आणि त्याची नक्कल कुणालाही करता येते. प्रिंटरच्या मागच्या लेबलावर तो छापलेला असतो. म्हणून मॅबने आत आलेल्या यंत्राला कार्यालयाच्या व्हीलॅनमध्ये कधीही टाकू नये. कॅमेऱ्यांना फक्त रेकॉर्डरपर्यंत, हजेरी यंत्राला फक्त त्याच्या सर्व्हरपर्यंत, सीएनसीला फक्त प्रोग्रॅम पाठवणाऱ्या संगणकापर्यंत जाता यावे, अशा ॲक्सेस लिस्ट (कुणाला कुठे जाता येईल याचे नियम) त्या त्या व्हीलॅनच्या दारावर लावाव्यात. कुंपणाच्या भिंतीवरील कॅमेऱ्याची वायर बाहेरून हाताला लागू शकते, हे विशेष लक्षात ठेवावे; तिथली सुरक्षा मॅबपेक्षा ॲक्सेस लिस्टवर अधिक अवलंबून आहे.

आपण मायक्रोसॉफ्टचा एनपीएस हा रेडियस सर्व्हर वापरण्याचा विचार लिहिला आहे. संगणकांसाठी तो उत्तम आहे. मॅबसाठी मात्र त्यात प्रत्येक मॅक पत्त्याचे डोमेनमध्ये वापरकर्ता-खाते करावे लागते आणि त्याचा पासवर्डही तोच मॅक पत्ता असतो. म्हणजे पासवर्डचे नियम त्या खात्यांपुरते शिथिल करावे लागतात आणि लेबल वाचून अंदाज करता येईल अशी डझनावारी खाती डोमेनमध्ये तयार होतात. एनपीएसच ठेवायचा असेल, तर ही खाती वेगळ्या गटात ठेवून डोमेन युझर्समधून काढावीत आणि त्यांना कुठेही लॉगिन करता येणार नाही असे धोरण लावावे. मी स्वतः अशा ठिकाणी मॅबसाठी फ्रीरेडियस हा मुक्त-स्रोत रेडियस सर्व्हर पसंत करतो, कारण तिथे यादी एका साध्या फाइलमध्ये राहते आणि डोमेनला स्पर्श होत नाही.

याच अनुषंगाने जुलै २०२४ मध्ये उघड झालेली ब्लास्टरेडियस ही त्रुटी आपण पाहावी. स्विच आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसलेला हल्लेखोर नकाराचे उत्तर होकारात बदलू शकतो, असे तिचे स्वरूप आहे. ईएपीच्या संदेशांत मेसेज-ऑथेंटिकेटर हा घटक सक्तीचा असल्यामुळे ८०२.१एक्सच्या तपासणीला हा धोका पोचत नाही; पण पीएपीने (साध्या पासवर्ड-पद्धतीने) चालणाऱ्या मॅबला आणि स्विचमधील प्रशासकांच्या लॉगिनला पोचतो. सर्व्हर अद्ययावत करावा, स्विच हा घटक पाठवतो आहे याची खात्री करावी आणि त्यानंतर सर्व्हरवर तो सक्तीचा करावा. रेडियसची वाहतूक स्वतंत्र व्यवस्थापन व्हीलॅनमधूनच न्यावी.

आपल्या पत्रात टेबलाखालच्या छोट्या पाच-पोर्टच्या स्विचचा उल्लेख नाही, पण ते आपल्याकडे असणारच. कारखान्याच्या कार्यालयात वायरिंग कमी पडले की ते हमखास येतात. ईएपीचे संदेश ज्या राखीव पत्त्यावर जातात, तो पत्ता मानक पाळणारे स्विच पुढे पाठवत नाहीत. काही स्वस्त स्विच तो पाठवतात आणि काही गिळतात. त्यामुळे एका टेबलावर ८०२.१एक्स चालते आणि दुसऱ्यावर तसाच संगणक, तसेच सर्टिफिकेट असूनही चालत नाही. सिंगल-होस्ट ही मूळ मांडणी असल्याने दुसरा संगणक नियमभंग ठरतो, हा आणखी एक भाग. मल्टी-ऑथ मांडणीत प्रत्येक मॅक पत्त्याची वेगळी तपासणी होते, तरी अनेक मॉडेलवर पहिल्या यंत्राला मिळालेला व्हीलॅनच त्या पोर्टवरील पुढच्या यंत्रांना लागतो. मल्टी-होस्ट मांडणी टाळावी, कारण तीत एकाची ओळख पटली की मागचे सगळे आत येतात. शक्य असेल तिथे नवीन वायर ओढावी. वायरमनचा खर्च एकदाच होतो, आणि हे छोटे स्विच ठेवले तर मात्र त्रास वर्षानुवर्षे चालतो. फोनच्या मागे संगणक असेल, तर मल्टी-डोमेन मांडणी योग्य. त्यात फोनसाठी सर्व्हरने 'डिव्हाइस-ट्रॅफिक-क्लास' हा गुणधर्म 'व्हॉइस' असा पाठवावा लागतो, अन्यथा फोन डेटा व्हीलॅनमध्ये बसतो आणि मागच्या संगणकाला जागा उरत नाही.

विंडोज संगणकांवर पासवर्डऐवजी मशीन सर्टिफिकेट आणि ईएपी-टीएलएस (सर्टिफिकेटवर चालणारी ईएपी पद्धत) वापरावे, असे मी ठामपणे सुचवतो. पासवर्डवर आधारलेली पीईएपी-एमएसचॅप पद्धत सुरुवातीला सोपी वाटते, परंतु विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइझ प्रकारात क्रेडेन्शियल गार्ड हे पासवर्ड जपणारे संरक्षण आपोआप चालू होते आणि लॉगिनचा पासवर्ड गुपचूप वापरून होणारी ही तपासणी बंद पडते. डोमेनमध्ये सर्टिफिकेट सर्व्हर असेल, तर ग्रुप पॉलिसीतून सर्टिफिकेट आपोआप वाटली जातात. त्याच पॉलिसीत तीन गोष्टी बसवाव्यात: वायर्ड ऑटोकॉन्फिग ही सेवा आपोआप सुरू होणे, कारण विंडोजमध्ये ती मुळात हाताने सुरू करावी लागते, फक्त संगणकाची ओळख तपासणे, आणि सर्व्हरचे नाव व मूळ सर्टिफिकेट संस्था ठरवून देऊन वापरकर्त्याला 'विश्वास ठेवू का' असा प्रश्न पडूच न देणे. नवा लॅपटॉप डोमेनमध्ये आणण्यासाठी आयटीच्या खोलीत एक वेगळा पोर्ट ठेवावा, ज्यातून फक्त डोमेन कंट्रोलर आणि सर्टिफिकेट सर्व्हर दिसतील. नाहीतर सर्टिफिकेटसाठी नेटवर्क हवे आणि नेटवर्कसाठी सर्टिफिकेट हवे, अशी कोंडी होते.

सर्टिफिकेटच्या तारखा सांभाळणे हे या पद्धतीचे खरे देखभालीचे काम आहे. रेडियस सर्व्हरचे सर्टिफिकेट संपले की एकाच सकाळी सगळे संगणक बाहेर राहतात, आणि सर्व्हर जिवंत असून नकार देत असल्यामुळे वर सांगितलेली सर्व्हर-मृत्यूची तरतूद कामी येत नाही. रद्द सर्टिफिकेटांची यादी जुनी झाली तरी एनपीएस नकार देतो. या दोन्ही तारखा एकट्या आपल्या कॅलेंडरमध्ये न ठेवता किमान दोन व्यक्तींच्या कॅलेंडरमध्ये, महिनाभर आधीच्या सूचनेसह, ठेवाव्यात.

सिन्नरची शाखा व्हीपीएनने जोडलेली असेल, तर तिथे एक विशिष्ट लक्षण दिसण्याची शक्यता आहे: मॅबने प्रिंटर चालतात, पण सर्टिफिकेट असलेले संगणक मध्येच अडकतात आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ना होकार दिसतो ना नकार. सर्टिफिकेटमुळे रेडियसचे पाकीट मोठे होते, व्हीपीएनच्या वाटेत त्याचे तुकडे होतात आणि एखादी फायरवॉल यूडीपीचे तुकडे टाकून देते. एनपीएसच्या धोरणात फ्रेम्ड-एमटीयू (पाकिटाच्या लांबीची मर्यादा) १३४४ किंवा त्याहून कमी ठेवावा, म्हणजे सर्व्हरकडून येणारी पाकिटे लहान होतात. पण संगणकाकडून निघणारी सर्टिफिकेटही मोठीच असल्याने दोन्ही टोकांच्या फायरवॉलवर तुकडे जाऊ दिले जातात की नाही हेही तपासावे. सिन्नरची लाइन तुटली तर तिथले पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये उघडतील, हे तिथल्या स्विचवर वेगळे ठरवावे. अंबडचे व्हीलॅन क्रमांक तिथे नसतील तर ती तरतूद निरर्थक ठरते.

ओळख पटलेला संगणकही खोटा डीएचसीपी सर्व्हर चालवू शकतो, म्हणून डीएचसीपी स्नूपिंग (खोटे डीएचसीपी सर्व्हर अडवून कुणाला कोणता पत्ता मिळाला याची यादी ठेवणारी सोय) आणि त्या यादीवरून खोटी एआरपी उत्तरे अडवणारी एआरपी तपासणी सोबत असावी. येथेही वीज जाण्याचा संबंध येतो. स्नूपिंगने तयार केलेली यादी स्विच बंद होताच पुसली जाते; परत सुरू झाल्यावर एआरपी तपासणीला कुणाचीच नोंद सापडत नाही आणि ती सगळ्यांना अडवते. ती यादी फ्लॅशवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवर साठवण्याची कमांड द्यावी आणि स्विचचे घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवावे, कारण त्या नोंदींची मुदत घड्याळावरच मोजली जाते. स्थिर पत्त्यांच्या यंत्रांच्या नोंदी हाताने घालाव्यात. स्नूपिंग सुरू केल्यावर स्विच डीएचसीपीच्या विनंतीत ऑप्शन ८२ (विनंती कोणत्या पोर्टवरून आली ही माहिती) जोडू लागतो आणि काही राउटर व सर्व्हर अशी विनंती टाकून देतात. पत्ते मिळेनासे झाले तर आधी तेच पाहावे. वापरकर्त्यांच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच सुरू होणे) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे दुसरा स्विच जोडल्यास पोर्ट बंद होणे), न वापरलेले पोर्ट बंद, ट्रंकची (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीची) आपोआप वाटाघाट बंद, एवढे नेहमीचे आहेच.

एक मर्यादा ऑडिटरलाही सांगावी. साधे ८०२.१एक्स सत्राच्या सुरुवातीला ओळख तपासते, प्रत्येक चौकट तपासत नाही. ओळख पटलेल्या संगणकाच्या आणि भिंतीवरच्या सॉकेटच्या मध्ये कुणी छोटे उपकरण बसवले, तर ते त्या संगणकाच्या नावाने बोलू शकते. त्यावर मॅकसेक (प्रत्येक चौकटीला संरक्षण देणारे तंत्र) हा उपाय आहे, पण त्यासाठी स्विच आणि संगणक दोन्हींची साथ लागते; आपल्या आकाराच्या कारखान्यात तो आधी स्विचमधल्या जोडण्यांवर वापरण्याचा विचार करावा.

नोंदींबाबत: सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. रेडियसच्या अकाउंटिंग नोंदी या कामी फार उपयोगी पडतात, कारण अमुक वेळी अमुक यंत्र कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर होते हे त्यांतून कळते. अडचण शोधताना स्विचवर 'शो ऑथेंटिकेशन सेशन्स इंटरफेस' पोर्टच्या नावासह आणि 'डिटेल्स' जोडून पाहावे, आणि एनपीएसवर ६२७२ व ६२७३ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. पहिली होकाराची, दुसरी नकाराची. नकाराच्या नोंदीत कारण-क्रमांक १६ असेल तर नाव किंवा पासवर्ड जुळलेला नाही, २२ असेल तर ईएपीचा प्रकार दोन्हीकडे जुळत नाही, २६५ असेल तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेवर विश्वास बसलेला नाही. सर्व्हरवर नोंदच नसेल, तर मुद्दा वाटेतला, किल्लीचा किंवा पोर्ट क्रमांकाचा आहे.

यादीतील प्रत्येक नकाराचे कारण समजल्यावरच 'ऑथेंटिकेशन ओपन' काढायला सुरुवात करावी. पहिल्यांदा आयटीची खोली, मग स्वागतकक्ष आणि बैठकीच्या खोल्या, कारण धोका तिथे सर्वाधिक आणि अडणारे काम सर्वांत कमी असते. त्यानंतर कार्यालय, एका वेळी एक स्विच. व्हीलॅन पाठवणे त्या त्या स्विचसोबतच सुरू करावे. शॉप फ्लोअर सर्वांत शेवटी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, देखभाल विभागाचा माणूस सोबत घेऊन करावे: प्रत्येक यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, मग रेडियस सर्व्हर मुद्दाम बंद करून पोर्ट अपेक्षित व्हीलॅनमध्ये उघडतात का ते पाहावे, आणि शेवटी त्या स्विचची वीज काढून परत द्यावी. एखादे यंत्र या तीनपैकी कोणत्याही एका चाचणीनंतर परत आले नाही, तर त्याच्या पोर्टवर 'ऑथेंटिकेशन ओपन' पुन्हा लावून त्याची नोंद ठेवावी आणि कारण कळेपर्यंत तो पोर्ट तसाच राहू द्यावा. आपल्या स्विचची नेमकी मॉडेल आणि आयओएसच्या आवृत्त्या कळवल्यास, त्यांच्यावर या कमांडचे स्वरूप कुठे बदलते ते मी वेगळे लिहून देईन.